पोलादपूर–महाबळेश्वर रस्ता (आंबेनळी घाट): नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या बाजूचं आणि नोकरी महाबळेश्वरला, त्यामुळे या रस्त्यावरून किती वेळा वर-खाली झालं असेल त्याचा हिशोबच नाही. मे महिना आला की आणि पुन्हा पहिला पाऊस पडला की ओळखीच्या आणि बिनओळखीच्या लोकांचे तेच तेच फोन येतात, घाट चालू आहे का, गाडी चढेल का, रात्री आलं तर चालेल का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

खालचं टोक पोलादपूर, म्हणजे रायगड जिल्हा, मुंबई-गोवा हायवेवरचं तालुक्याचं गाव. वरचं टोक महाबळेश्वर, सातारा जिल्हा. मधलं अंतर साधारण ४० किलोमीटर. महाबळेश्वरच्या पुढे हाच रस्ता पाचगणी, पसरणी घाट, वाई करत सुरूरला पुणे-सातारा हायवेला जाऊन भिडतो, पण तो भाग सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर लिहिणारे खूप आहेत. मी इथे पोलादपूर ते महाबळेश्वर एवढ्याचंच लिहितोय कारण प्रश्न सगळे याच तुकड्याचे असतात. रस्ता राज्य मार्ग आहे पण नंबर आमच्याकडे कोणी बोलत नाही, "पोलादपूर रोड" किंवा "आंबेनळी" म्हटलं की झालं.

आंबेनळी घाट म्हणतात, कोणी फिट्झगेराल्ड घाट म्हणतं, मग खरं नाव कोणतं?

दोन्ही एकच. इंग्रजांनी १८७० च्या दशकात गाडीरस्ता काढला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या फिट्झगेराल्डचं नाव दिलं, ते कागदावर आणि जुन्या पुस्तकांत राहिलं. लोकांच्या तोंडी आंबेनळी. पण लक्षात घ्या, त्याच्या आधी इथे वाट नव्हती असं अजिबात नाही. पार घाट होता, महाबळेश्वरवरून खाली उतरणारा रडतोंडीचा घाट होता, त्या रडतोंडीनं अफझलखानाची फौज पारला उतरली हे शाळेत शिकलोय आपण. रडतोंडी नावातच सगळं आलं, उतरताना माणसाचं तोंड रडवेलं व्हायचं इतका उभा. आजचा रस्ता त्याच डोंगरातून लांबून फिरून वळणं घेत उतरतो एवढाच फरक.

वाटेत कुठली गावं लागतात?

पोलादपूर सोडलं की सावित्री नदीच्या खोऱ्यातून रस्ता सुरू होतो. पहिला भाग सपाट, भातशेती, आंबा-काजूची झाडं, एकदम कोकण. कापडे येतं, तिथून उमरठकडे फाटा जातो, उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, वेळ असेल तर जरूर जाऊन या, लोक सरळ महाबळेश्वरला पळतात आणि हे राहून जातं. पुढे चढ लागतो आणि मग खरा घाट. चढता चढता उजवीकडे-डावीकडे दरी बदलत राहते, पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की प्रतापगडाचा फाटा आणि वाडा कुंभरोशी. कुंभरोशीवरून पार गाव जवळ आहे, तिथे रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल. त्या पुलाच्या कमानीखाली उभं राहून वर बघा एकदा, दगडाला दगड असा बसवलाय की पावसाळ्यातली कोयना त्याला हलवू शकली नाही. कुंभरोशीनंतर मेटतळे आणि मग शेवटची चढण, झाडी दाट होत जाते, हवा गार होते आणि तुम्ही महाबळेश्वरच्या बाजारात.

हे सांगायचं कारण असं की पर्यटक लोकांना वाटतं हा रस्ता फक्त महाबळेश्वरला जायला आहे. तसं नाहीये. या दोन्ही उतारांवर वाड्या-वस्त्या आहेत, त्यांचा बाजार, दवाखाना, कॉलेज, तहसीलदार कचेरी, सगळं याच रस्त्यावरून. बाळंतपणाची बाई असो नाहीतर साप चावलेला माणूस, एकतर वर महाबळेश्वर नाहीतर खाली पोलादपूर-महाड. तिसरी वाट नाही.

किती वेळ लागतो?

स्वच्छ हवेत, ट्रॅफिक नसेल तर दीड तास धरा. धुकं असेल तर दोन-अडीच. ४० किलोमीटर बघून "पाऊण तासात पोचतो" असं कोणाला सांगू नका, घरचे काळजी करत बसतात.

पावसाळ्यात घाट चालू असतो का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं एका शब्दात उत्तर नाही. जून ते सप्टेंबर या काळात घाट कधीही बंद होऊ शकतो. दरड आली की बंद, रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी आदेश काढतात आणि बंद, कधी फक्त अवजड गाड्यांना बंद, कधी रात्रीपुरता बंद. दोन जिल्हे आहेत त्यामुळे रायगडचा आदेश वेगळा आणि साताऱ्याचा वेगळा असू शकतो, दोन्ही बघायचे. निघायच्या दिवशी सकाळी खात्री करा, आदल्या दिवशीची बातमी चालत नाही.

हे एवढं का, तर पाऊसच तसा आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे महाराष्ट्रातल्या कितीतरी दुष्काळी तालुक्यांचा अख्ख्या वर्षाचा पाऊस चोवीस तासांत. त्याच दोन-तीन दिवसांत महाडमधलं तळिये गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या, माणसं गेली. या घाटात तर किती ठिकाणी मोडलं ते मोजायची सोय नव्हती. कुठे वरून डोंगर आला, कुठे खालून भराव वाहून गेला आणि डांबराची नुसती साय लोंबकळत राहिली, मेटतळ्याच्या बाजूला तर रस्ता होता की नव्हता असं झालं. कितीतरी आठवडे आजोळचा आणि माझा संपर्क फोनवरच. मामांना औषधं पाठवायची तर साताऱ्यावरून पुण्याला, तिथून कोकणात, असा द्राविडी प्राणायाम. जे अंतर दीड तासाचं त्याला दिवस गेला. तेव्हापासून मी पावसाळ्याआधी त्यांच्याकडे दोन महिन्यांच्या गोळ्या नेऊन ठेवतो.

दरडी एवढ्या का पडतात? रस्ता नीट बांधत नाहीत का?

बघा, डोंगर काळ्या बेसाल्टचा, त्याच्यावर जांभा आणि लाल मातीचा थर. पाऊस मुरत मुरत खाली जातो, खडकाला लागतो आणि तिथून त्याला बाहेर यायला वाट पाहिजे. वाट मिळाली तर झरा होतो, नाही मिळाली तर सगळा थर घेऊन खाली येतो. रस्ता म्हणजे त्या उताराला दिलेली चीर, आतल्या बाजूला कापलेलं आणि बाहेरच्या बाजूला भर घातलेली. म्हणून आतून दरड येते आणि बाहेरून रस्ता खचतो.

माझं मत विचाराल तर डांबरापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे आतल्या बाजूचं गटार आणि रस्त्याखालच्या मोऱ्या. गटार मोकळं असेल तर डोंगराचं पाणी गटारातून मोरीत, मोरीतून दरीत. एका मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा आणि दोन धोंडे अडकले की तेच पाणी रस्त्यावर येतं, बाहेरच्या कडेवरून उडी मारतं आणि खालची भर खायला लागतं. एका रात्रीत संपलं. लहानपणी बघायचो, मैलकुली असायचे, खांद्यावर फावडं, डोक्यावर इरलं किंवा पोतं, भर पावसात आपापल्या हद्दीतल्या मोऱ्या उकरत फिरायचे. आमच्या वळणावरचा जो मैलकुली होता तो मोरीत काठी घालून आवाज ऐकायचा, पाणी गुडगुडलं तर म्हणायचा "तुंबलीय", खळखळलं तर पुढे जायचा. आता जेसीबी आहे, दरड पडली की तासाभरात पोचतो, चांगलंच आहे, पण जेसीबी पडल्यानंतर येतो. तो माणूस पडायच्या आधी तिथे असायचा. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी घाटाला पैसे देताना निदान काही माणसं कायमची मोऱ्यांसाठी द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

मग रस्ता रुंद करून टाकत का नाहीत?

रुंद करायचा म्हणजे डोंगर अजून कापायचा, आणि कापला की वर लिहिलंय तेच. शिवाय जंगल आहे, आणि महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथे मनाला येईल तसं तोडता येत नाही. मला स्वतःला वाटतं रुंदी आहे तेवढी पुरे, कठडे, आरसे आणि संरक्षक भिंती पाहिजेत.

दरड यायच्या आधी काही कळतं का?

काही वेळा कळतं. कोरड्या ठिकाणी अचानक लाल गढूळ पाणी रस्त्यावर आलं, वरून बारीक खडे टपटप पडायला लागले, आतल्या बाजूची झाडं किंवा विजेचा खांब तिरका दिसला, डांबराला दरीच्या बाजूने लांब चीर गेलेली दिसली, तर तिथे थांबायचं नाही. फोटो काढायला तर नाहीच. एकदा ऑगस्टमध्ये माझ्या पुढे एसटी होती, ड्रायव्हर काकांनी भर रस्त्यात गाडी थांबवली आणि रिव्हर्स घेतली, मागच्या आम्हा सगळ्यांना हाताने मागे जा मागे जा करायला लागले. रस्त्यावर फक्त मूठभर खडे पडले होते, सुपारीएवढे. पाच मिनिटांनी एक झाड उभ्याच्या उभं घसरत खाली आलं, मुळांसकट, आणि त्याच्या मागे चिखल. त्या काकांना नंतर बाजारात भेटून नमस्कार केला.

२०१८ ची बस दुर्घटना याच घाटातली ना?

हो. २८ जुलै २०१८, दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते, बस पोलादपूरच्या बाजूच्या चढणीत दाभिळ टोकाजवळ दरीत गेली. एक जण वाचला, बाकी सगळे गेले. महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं, आसपासच्या गावातले तरुण दोर लावून खाली उतरले, पावसात, निसरड्या दगडांवरून, आणि एकेकाला वर आणलं. दापोलीत त्या दिवशी एका गल्लीत दोन-दोन घरं बसली. तिथून जाताना आमच्याकडचे लोक अजूनही हॉर्न न वाजवता हळू जातात. तिथे उतरून सेल्फी काढू नका ही हात जोडून विनंती.

घाटाची सवय नाही, गाडी कशी चालवू?

उतरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी न्यूट्रलवर टाकणं किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवणं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आणि पोलादपूर जवळपास पायथ्यालाच, म्हणजे ४० किलोमीटरमध्ये एवढं सगळं उतरायचंय. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा-तिसरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. माझी स्वतःची गाडी नवीन होती तेव्हा मेटतळ्यापासून ब्रेकवरच आलो आणि कुंभरोशीच्या आधी जळक्या रबरासारखा वास यायला लागला, पॅडल दाबलं की नुसतं आत जायचं. बायको शेजारी, मुलगी मागे झोपलेली. पहिल्या गिअरला टाकून हँडब्रेक थोडा थोडा ओढत आतल्या बाजूला, डोंगराला टेकवून थांबवली. चाकाजवळ हात नेला तर लांबूनच धग लागत होती. वर पाणी मात्र ओतायचं नाही, डिस्कला तडे जातात, नुसतं अर्धा तास थांबायचं. टपरीवरच्या मावशींनी मुलीला बिस्किटं दिली, आम्हाला चहा दिला आणि पैसे घेईनात.

बाकी साधं आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न, रात्री डीपर. वळणात ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. एसटी समोरून आली तर तिला पूर्ण वळण घेऊ द्या, तुम्ही मागेच थांबा, तिला शेपूट वळवायला अख्खा रस्ता लागतो.

धुक्यात काय करायचं?

डीपर वापरा, अप्पर लावला तर समोर पांढरी भिंतच दिसते. काच थोडी खाली ठेवा म्हणजे समोरच्या गाडीचा आवाज ऐकू येतो. हळूहळू चालवत राहा, पण काहीच दिसेना तर पुढच्या टपरीपाशी किंवा फाट्याच्या रुंद जागेत थांबा, वळणात नाही.

रात्री यावं का?

गरज नसेल तर नको. दिवे नाहीत, मोबाईलला रेंज येते-जाते, गवे रस्त्यावर उभे असतात आणि काळा गवा काळ्या डांबरावर अंधारात दिसतच नाही, फक्त डोळे चमकतात. यावंच लागलं तर घरी सांगून निघा की पोलादपूर सोडलं, आणि वर पोचल्यावर परत फोन करा. अडचणीत ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, रेंज मिळेल तिथून लावा.

एसटी आहे का?

आहे, महाड-पोलादपूरच्या बाजूने महाबळेश्वरला गाड्या येतात, वेळा मात्र बदलतात आणि पावसाळ्यात रद्द होतात, आगारात विचारूनच निघा. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. हे सांगतो कारण मागच्या उन्हाळ्यात एक आजी वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) दाटीवाटीने बसून चालल्या होत्या, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एसटी नसेल तर साताऱ्याच्या बाजूला वडाप, पोलादपूरच्या बाजूला रिक्षा नाहीतर मिनीडोर, पण पूर्ण घाट सरळ नेणारी वडाप मिळेलच असं धरून चालू नका.

प्रतापगड करून पुढे जाता येईल ना?

आरामात. फाट्यावरून गाडी गडाच्या पायथ्यापर्यंत जाते, मग पायऱ्या. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधलेला गड, १० नोव्हेंबर १६५९ ला इथेच खानाचा प्रसंग झाला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हाही आहे. भवानीमातेचं देऊळ, महाराजांचा अश्वारूढ पुतळा, सगळं नीट बघायला दोन-तीन तास पाहिजेत. वरून खालचा हा रस्ता बघा मात्र, मग कळतं की गड इथेच का बांधला. कोकणातून देशावर जाणारा माणूस या बुरुजांच्या नजरेतून सुटूच शकत नाही.

घाट बंद असेल तर कुठून जाऊ?

मुंबईहून महाबळेश्वरला यायचं तर सरळ एक्सप्रेस वेने पुणे, मग सुरूर-वाई. महाड-पोलादपूरहून पुण्याला जायचं तर माणगाववरून ताम्हिणी. वरंधा जवळचा आहे पण तो आंबेनळीपेक्षा नाजूक, पावसाळ्यात बहुतेक वेळा दोघं एकत्रच बंद असतात. चिपळूणकडून येणाऱ्यांनी कुंभार्लीने कराड गाठावं आणि साताऱ्यावरून वर यावं. लांब पडतं, पण पडू दे.

बाईकवर येऊ का?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी जरूर. पावसात शेवाळ धरतं आणि वळणावर खडी साचते, तिथे पुढचा ब्रेक मारला की बाईक आडवी.

पेट्रोल, जेवण?

टाकी पोलादपूरला किंवा महाबळेश्वरला भरा, मध्ये भरवसा ठेवू नका. जेवण कुंभरोशीला आणि प्रतापगडाच्या बाजूला घरगुती मिळतं, पिठलं-भाकरी, खर्डा, ताक. माकडांना खायला घालू नका, ती गाड्यांपुढे येतात आणि मरतात. महाबळेश्वरात शिरताना नगरपालिकेचा प्रवासी कर असतो, सुटे ठेवा.

माझ्या मुलाने विचारलं की घाटातलं पाणी कोणत्या समुद्राला जातं, खरंच दोन समुद्रांना जातं का?

मुलगा हुशार आहे, त्याला हे दाखवायला घेऊन या. प्रतापगड फाट्याच्या आसपास पाणलोटाची रेघ आहे. अलीकडे, म्हणजे पोलादपूरच्या बाजूला, पडलेलं पाणी सावित्रीत, पोलादपूर, महाड, बाणकोटच्या खाडीवरून अरबी समुद्रात. पलीकडे पारच्या बाजूला पडलेलं पाणी कोयनेत, कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आणि यात अजून एक गंमत आहे, कोयनेचं बरंचसं पाणी धरणातून बोगद्याने पोफळीला वीज करायला खाली सोडतात, ते वाशिष्ठीतून परत अरबी समुद्रालाच जातं. म्हणजे कोकणाकडे पाठ करून निघालेलं पाणी फिरून कोकणातच. फाट्यावर रुंद जागा बघून गाडी लावा, त्याच्या हातात पाण्याची बाटली द्या, म्हणावं थोडं इकडे ओत आणि थोडं तिकडे. माझ्या मुलीने केलं होतं, बाटली संपेपर्यंत हलली नाही.